स्टोरी बघितल्याचं त्याला कळेल का?

"मॅडम, इन्स्टाग्रामचं ॲप केव्हाच काढून टाकलंय. ब्राउझरमधून स्टोरी तेवढी बघते. समोरच्याला कळतं का हो?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न आता सतत माझ्या कानावर येतो. कोणाचा घटस्फोट झालेला असतो, कोणाच्या मैत्रिणीने बोलणं टाकलेलं असतं, कोणाचा भाऊ दुरावलेला असतो. प्रश्न विचारताना आवाज मात्र सगळ्यांचाच खाली येतो.

तांत्रिक उत्तर मी आधी देऊन टाकते, कारण ते मिळेपर्यंत माणूस दुसरं काही ऐकत नाही. इन्स्टाग्रामवर ब्राउझरमधून स्वतःच्या खात्याने लॉगिन करून स्टोरी बघितली, तरी बघणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव येतं. ॲप नसल्याने काही फरक पडत नाही. स्टोरी चोवीस तासांत जाते, पण ती यादी टाकणाऱ्याला अठ्ठेचाळीस तासांपर्यंत दिसते. 'नाव न कळता बघा' म्हणणारी परकी संकेतस्थळं फार तर सार्वजनिक खात्यांच्या स्टोऱ्या दाखवू शकतात. खासगी खातं उघडून दाखवतो म्हणणारा थापा मारतो आणि पासवर्ड मागणारा चोर असतो. व्हॉट्सॲपचं वेगळं आहे. तिथे वाचल्याची खूण (रीड रिसीट्स) बंद केली, की स्टेटस बघितल्याचं समोरच्याला कळत नाही. मात्र तुमचं स्टेटस कोणी बघितलं, हेही मग तुम्हाला कळत नाही.

एवढं ऐकून बऱ्याच जणांचं समाधान होतं. एक बाई मात्र आणखी अस्वस्थ झाल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलाशी कडाक्याचं भांडण झालेलं, तो वेगळा राहायला गेलेला. रागाच्या भरात बाईंनी ॲप काढून टाकलं आणि आठवडाभरात 'नाव न कळता बघा' म्हणणाऱ्या अशाच एका संकेतस्थळाची सवय लागली. मुलाचं खातं सार्वजनिक, त्यामुळे सगळं दिसायचं. सकाळी उठल्यावर, दुपारी, रात्री झोपताना. स्टोरी नसली की घालमेल, असली की त्यातला प्रत्येक चेहरा निरखणं.

"सोडा म्हणाल, तर नाही सोडवत," त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं.

"मी कुठे सोडा म्हणाले?"

सुरुवातीच्या भेटींत आम्ही नुसत्या नोंदी ठेवल्या: कधी बघितलं, त्याआधी मनात काय होतं, नंतर काय झालं. त्यातून त्यांनाच दिसलं, की बघून शांत वाटतं ते जेमतेम काही मिनिटं. पुढे दोन-तीन तास डोक्यात मुलाशी वाद चालू. 'माझ्याशिवाय बरा हसतोय' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक नोंदीत होतं. स्टोरीत तो फक्त हसत होता. 'माझ्याशिवाय' हे बाईंनी स्वतः जोडलेलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५पासून मांडलेला विचार मी इतकी वर्षं वापरते तो यासाठीच: प्रसंग आपल्याला जितका छळतो, त्याहून कितीतरी जास्त त्याला आपण लावलेला अर्थ छळतो.

मग मी तो प्रश्न विचारला. तो मी मुद्दाम उशिरा विचारते. घाईने विचारला तर पाठ केलेलं उत्तर येतं.

"समजा, त्याला कळलं. काय होईल?"

"अय्यो, नको! म्हणेल, एवढं भांडली आणि आता चोरून बघते."

"म्हणू दे. मग?"

"मग काय... त्याला कळेल, की मी रोज बघते."

"आणि?"

बाई बराच वेळ गप्प होत्या. मीही होते. अशा वेळी समुपदेशकाने मध्ये बोलू नये, हे शिकायला बरीच वर्षं लागतात. मग त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "कळलं तर बरंच होईल की हो."

कळण्याची भीती घेऊन आलेल्या बाईंना खरं तर ते कळायला हवं होतं, आणि त्यासाठी त्यांनी नेमकी नाव लपवणारी वाट धरली होती. अशा प्रत्येकाला मी आता हे तपासायला सांगते: हे कळू नये असं वाटतंय, की कळावं असं वाटतंय आणि सांगायचं धाडस होत नाहीये?

दुसरं उत्तर आलं, तर सरळ दोन ओळी लिहा. जुना हिशेब नको, 'तुला वेळ असेल तेव्हा' एवढी मोकळीक हवी. बाईंनी तसंच लिहिलं. मुलाचं उत्तर पाच दिवसांनी आलं, तेही तुटक. पण त्या पाच दिवसांत त्यांनी संकेतस्थळ एकदाच उघडलं.

समोरच्याने 'संपर्क नको' असं स्पष्ट सांगितलं असेल, तर या दोन ओळीही लिहायच्या नाहीत. तिथे गुपचूप बघणंही थांबवायचं. ब्राउझरमध्ये त्या पानाची जपून ठेवलेली खूण (बुकमार्क) काढून टाका आणि बघावंसं वाटलं की वीस मिनिटं हाताला दुसरं काम द्या. ऊर्मी चढते तशी उतरतेही. उतरली नाही, मन सैरभैर राहिलं, झोप उडाली, तर एकट्याने झुंजत बसू नका, मदत घ्या.

आणि त्या परक्या संकेतस्थळावर कधी स्वतःचा पासवर्ड दिला असेल, तर तो आजच बदला. दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत आणखी एक कोड मागणारी सोय) सुरू करा आणि आपलं खातं कोणकोणत्या उपकरणांवर उघडं आहे तेही बघून घ्या.