बावीस वर्षांनी पुन्हा गायला बसताना

प्रश्न : मी ४७ वर्षांची, बार्शीची. लग्नाआधी गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा पूर्णपर्यंत गाण्याच्या परीक्षा दिल्या होत्या. नंतर गाणं सुटलं, त्याला बावीस वर्षं झाली. मुलगी आता शिकायला पुण्यात असते, म्हणून परत बसायला लागले आहे. दुपारी सासरे झोपले की स्वयंपाकघराचं दार लावून, काळी पाचमध्ये (पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून), हळू आवाजात गाते. दहा मिनिटांत घसा धरतो. तार सा, म्हणजे वरचा सा, फाटतो. स्वर उतरतोय हे माझं मलाच कळतं आणि रडू येतं. मिस्टर म्हणतात, "हौस आहे तर भजनी मंडळात जा, या वयात रियाज कशाला?" मुलगी म्हणते पुढच्या, विशारदच्या परीक्षेचा फॉर्म भर. माझ्यात काही होतं का, आणि असलं तर उरलंय का?

उत्तर : ताई, स्वर उतरतोय हे तुमचं तुम्हाला कळतं, हे तुम्ही रडण्याचं कारण म्हणून लिहिलंय. आम्हाला पत्रातली सगळ्यात आश्वासक ओळ तीच वाटली. कान शाबूत आहे. गळा मेहनतीनं परत येतो. पण कान नसेल तर कुठे पोहोचायचं हेच कळत नाही. तेव्हा उरलंय का, याचं उत्तर तुम्हीच देऊन टाकलंय.

घसा धरतो तो वयामुळे नव्हे, चोरून गाण्यामुळे. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून गाताना जबडा आवळला जातो, मान ताठते आणि आवाजात नुसती हवा मिसळते. श्वास लवकर संपतो, म्हणून ओळीच्या शेवटाला स्वर खाली घसरतो. तार सा लावायला श्वासाचा आधार लागतो; तो नसला की घशानं जोर लावायचा प्रयत्न होतो आणि आवाज फाटतो. भरल्या पोटी श्वास आणखी उथळ होतो, आणि तुम्ही बसता जेवणानंतर लगेच. म्हणजे घरातली अडचण आणि गळ्यातली अडचण एकच आहे.

म्हणून आधी वेळ बदला. सासरे संध्याकाळी देवळात किंवा फिरायला जात असतील, तर तो अर्धा तास तुमचा. जात नसतील तर आतल्या खोलीत, दार लावून, पण मोकळ्या आवाजात. घरात "गाऊ का?" असं विचारू नका. सांगा : "उद्यापासून साडेपाच ते सहा मी गायला बसणार आहे. तेवढ्यात दार, फोन, चहा तुमच्याकडे." पहिले आठ-दहा दिवस कुणीतरी हाक मारेलच. उठू नका. एकदा उठलात की तो अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

दुसरं, काळी पाच सोडा. पंचविशीतली पट्टी सत्तेचाळिशीत बहुतेक बायकांना चढ पडते. रजोनिवृत्तीच्या आसपास आवाज थोडा खाली येतो, जाड होतो. काळी चार लावून बघा, तरी ओढ बसली तर पांढरी पाच. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) स्पष्ट ऐकू येतो आणि तार गंधार (वरच्या सप्तकातला ग) मान न ताणता लागतो, ती तुमची पट्टी. यात कमीपणा वाटून घेऊ नका. ख्यालगायिका गंगूबाई हनगलांचा आवाज सुरुवातीला बारीक होता. घशाच्या उपचारांनंतर तो जड, जवळजवळ पुरुषी झाला आणि त्याच आवाजात त्या पुढची कित्येक वर्षं गायल्या. आज लोकांच्या कानात त्यांचा तोच आवाज आहे.

अर्ध्या तासात काय करायचं? तानपुरा लावा. मोबाईलवरचा चालेल, पण छोट्या स्पीकरला जोडून. दोन्ही कानांत हेडफोन घातले तर स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि माणूस नकळत ओरडतो. हार्मोनियम सध्या बंद ठेवा. स्वराबरोबर पेटी दाबत राहिलं की चूक झाकली जाते, आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, पेटीतून निघतच नाही. दोन मिनिटं नुसता तानपुरा ऐका. मग आठ-दहा मिनिटं खर्ज, म्हणजे सा पासून खाली उतरत जाणारे स्वर : सा, नी, ध, प, एका श्वासात एक स्वर, आकारात (नुसत्या "आ"वर). सुरुवातीला सहा-सात सेकंद टिकला तरी पुष्कळ. पंचमाखाली जायचा हट्ट नको; आवाज घोगरा व्हायला लागला की तिथेच थांबा. खर्ज पहाटेच करावा असं तुम्हाला शिकवलं असेल आणि ते बरोबरच आहे, पण पहाटे तुमच्या घरी डबे असतात. संध्याकाळचा खर्ज न केलेल्या खर्जापेक्षा केव्हाही बरा. त्यानंतर पाच मिनिटं साधे पलटे, सारेग रेगम गमप, मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत. वेग वाढवू नका. बावीस वर्षांनी बसणाऱ्याला ताना आठवतात आणि गळ्याआधी त्याच बाहेर पडायला बघतात.

उरलेला वेळ एकाच रागाला, निदान सहा आठवडे. तुमच्या वेळेला भीमपलास बरा, तो दुपार उतरतानाचाच राग. आरोहात (चढताना) रे आणि ध नाहीत, ग आणि नी कोमल, वादी म्हणजे मुख्य स्वर मध्यम. तुमची खरी परीक्षा कोमल गंधारावर होईल. तो रिषभावरून वर चढून सरळ ठोकला की गाणं काफी रागाकडे सरकतं. म, मग मध्यमाचा कण (ओझरता स्पर्श) घेऊन किंचित झुलता ग, तिथून रे, सा : एवढाच तुकडा रोज पंधरा-वीस वेळा म्हणा. मध्यमावर पुरेसं थांबलात तर गंधार आपोआप जागेवर येतो. घाईत मध्यम आखडता घेतला की गंधार उतरणारच. "नी सा म" ही उडीसुद्धा रोज म्हणा, ती जमली की आलापाला बसायला जागा मिळते. मध्यमा परीक्षेच्या वेळी शिकलेली या रागातली छोटा ख्यालाची बंदिश आठवत असेल तर ती घ्या. नवीन बंदिश आत्ता शोधत बसू नका.

शेवटची दोन मिनिटं फोनवर रेकॉर्ड करा. फोन हातभर लांब ठेवा, तानपुरा चालू राहू द्या. त्याच दिवशी ऐकू नका. दुसऱ्या दिवशी बसण्याआधी ऐका आणि एकच जागा हेरा, जसं की "अवरोहात धैवत उतरला". त्या दिवशी तेवढंच दुरुस्त करायचं. सगळ्या चुका एकदम काढायला गेलात तर परत रडू येईल.

भजनी मंडळ चांगलंच आहे, जरूर जा. पण रियाजाच्या जागी नाही. तिथे सगळ्यांची मिळून एक पट्टी असते, बहुतेकदा चढी, त्यात टाळ-मृदंग. मागे पडू नये म्हणून आवाज ताणला जातो. पहिले तीन महिने तिथे टाळ धरा, एखादाच अभंग म्हणा.

विशारद प्रथमचा फॉर्म यंदा भरू नका. परीक्षेला आमचा विरोध नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हापासून कुठल्या घराण्याचे शागीर्द नसलेल्या हजारो मुलामुलींना याच वाटेनं गाणं मिळालं, तुम्हालाही. पण अभ्यासक्रमातले राग पुरे करायचे म्हटलं की गाणं पाठांतरावर येतं, आणि तुमची गरज आत्ता आवाजाची आहे. वर्षभरानं ठरवा.

खाकरून घसा साफ करायची सवय असेल तर मोडा, त्याऐवजी पाण्याचा घोट घ्या. गाताना दुखलं तर त्या दिवसाचं गाणं तिथेच बंद. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच. आम्लपित्त होत असेल तर तेही सांगा, आवाज बसण्यामागे ते असू शकतं.

दोनेक महिन्यांनी गुरू शोधा. आठवड्यातून एक तास पुरतो. आधी त्यांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या शिकवणीला बसू देतात का ते विचारा आणि ते स्वतः गाऊन दाखवतात की नुसतं वहीत लिहून देतात, एवढं बघा. तुम्हाला कोणती पट्टी द्यावी हे तुमचा आवाज ऐकून ठरवणारे असतील तर तिथेच राहा. शिकवणीचं रेकॉर्डिंग करू देणार का, हेही पहिल्याच दिवशी विचारून घ्या.