दुर्गम जंगलातली वाट पायी जाणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना, दोघांनाही चालेल अशी कशी आखतात?

घोडा डोळ्यांसमोर ठेवून आखायची, माणूस त्यात आपोआप बसतो. उलटं जमत नाही.

अमेरिकेतली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल बघा. मेक्सिकोच्या हद्दीपासून कॅनडाच्या हद्दीपर्यंत सुमारे ४,२६५ किलोमीटर. १९६८ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय वाटेचा दर्जा मिळाला, पूर्ण झाली १९९३ मध्ये. घोड्यांसाठीही असल्यामुळे चढ साधारण १५ टक्क्यांच्या आत ठेवलाय, म्हणजे १०० मीटर गेल्यावर जास्तीत जास्त १५ मीटर उंची. त्यामुळे वळणंच वळणं. सह्याद्रीत सरळ नाळेने, म्हणजे डोंगरातल्या अरुंद उभ्या घळीतून चढणाऱ्या आपल्या मंडळींना ती कंटाळवाणी वाटेल, पण ओझं लादलेल्या जनावराला तशीच लागते.

खरा शत्रू पाणी. खुरांनी उकरलेली माती पहिल्या पावसात वाहते आणि वाटेचाच ओहोळ होतो. माथेरानची तांबडी वाट ऑगस्टमध्ये तुडवली असेल, तर जास्त सांगायला नको. म्हणून वाट दरीच्या बाजूला किंचित कलती ठेवायची, म्हणजे पाणी तिच्यावरून धावत न जाता आडवं उतरून जातं.

फांद्या स्वाराच्या डोक्याच्या हिशेबाने, सुमारे १० फुटांपर्यंत छाटायच्या. (अमेरिकेतल्या संरक्षित रानात मोटरची करवत चालत नाही, दोघांनी ओढायची हातकरवतच वापरतात.)

आणि कड्यावरचा अरुंद टप्पा एका टोकावरून दुसऱ्या टोकापर्यंत दिसायलाच हवा. समोरून कोणी आलं तर खेचरांची रांग तिथे मागे वळवता येत नाही.