नवीन इलेक्ट्रिक बास गिटार विकत घेताना काय तपासावे आणि तिच्याकडून काय अपेक्षा ठेवावी?

आपण लिहिले आहे की आजवर आपण साधी गिटार वाजवत आला आहात, आता सुमारे २५ हजार रुपयांत पहिली बास घ्यायची आहे, आणि दुकानात नेमके काय पाहायचे ते उमगत नाही. मी बरीच वर्षे बास वाजवतो आणि नव्याने शिकणाऱ्यांबरोबर दुकानात जाण्याचे कामही अनेकदा माझ्याकडे येते. त्या अनुभवावरून सांगतो की या किमतीच्या कोऱ्या बासमध्ये काही ना काही उणे निघणारच. ते उणे स्क्रू फिरवून दूर होणारे आहे की लाकडातच मुरलेले आहे, एवढे ओळखता आले पाहिजे. पहिल्या प्रकारच्या दोषासाठी चांगली बास हातची घालवू नये, आणि दुसऱ्या प्रकारचा दोष असेल तर कितीही सवलत मिळाली तरी ती घेऊ नये.

कोणतीही तपासणी करण्यापूर्वी ट्यूनर लावून चारही तारा ई, ए, डी, जी अशा नीट सुरात आणाव्यात. चार तारांचा मिळून नेकवर, म्हणजे बोटे ठेवायच्या लांब दांडीवर, सुमारे ८० किलोंचा ताण येतो. तारा उतरलेल्या असताना हा ताण कमी असल्याने नेक वेगळाच आकार धरतो, आणि त्या अवस्थेत पाहिलेले काहीच खरे नसते.

त्यानंतर बास डोळ्याच्या रेषेत धरून, खुंट्यांच्या बाजूने नेकच्या दोन्ही कडांवरून नजर टाकावी. दोन्ही कडा सारख्याच वळणाने जाताना दिसल्या पाहिजेत. एक कड सरळ आणि दुसरी वळलेली दिसली, तर नेकला पीळ पडलेला आहे, आणि तो ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या बाक कमी-जास्त करणाऱ्या धातूच्या सळईने, निघत नाही. अशी बास तिथेच परत करावी. नेकला पुढच्या बाजूस किंचित बाक असणे मात्र आवश्यकच असते. तो पाहण्यासाठी जाड ई तार पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरील धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि नेक जिथे धडाला मिळतो तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांमधील फट बघावी. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे ०.३ मिमीच्या आसपास फट असावी. फट जास्त असल्यास ट्रस रॉड आवळावा लागतो, अजिबात नसल्यास सैल करावा लागतो. हे काम आपण करू नये, पण दुकानदाराला आपल्यासमोर पाव फेरा फिरवून दाखवायला अवश्य सांगावे, कारण नव्या वाद्याचा रॉड शेवटपर्यंत आवळून झालेला असेल किंवा जागचा हलतच नसेल, तर पुढच्या ऋतूत करायला काहीच शिल्लक राहणार नाही.

आता ॲम्प्लिफायर न जोडता प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवावा. हे काम कंटाळवाणे आहे, दुकानातील माणूसही थोडा वैतागतो, परंतु सर्वांत जास्त माहिती इथेच मिळते. सगळीकडे सारखीच खरखर होत असेल तर तारा फार खाली बसवलेल्या आहेत किंवा नेक फार सरळ आहे, म्हणजे काळजीचे कारण नाही. पण एकाच ठिकाणी खरखर होत असेल आणि त्याच्या शेजारचे सूर स्वच्छ येत असतील, तर पुढचा एखादा फ्रेट उचललेला आहे. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा सूर लवकर विरतो असे आढळले तर दचकू नये. बोल्टने जोडलेल्या लाकडी नेकच्या बहुतेक बासमध्ये हा अशक्त सूर असतो. तो नकोसा वाटण्याइतका लवकर मरतो का, एवढेच शेजारच्या सुरांशी ताडून पाहावे. मॉडेल तेच असले तरी हा फरक नगागणिक पडतो, म्हणून दोन-तीन नग मागून घेण्यात संकोच करू नये.

तारांची उंची, म्हणजे ॲक्शन, कारखान्यातून बहुधा जास्तच येते. बाराव्या फ्रेटवर ई तारेखाली अडीच मिमीच्या आसपास अंतर असले तर बोटांना सोसते. त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर आणि हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसते टेकवून काढलेला सूर) यांत ट्यूनरवर फरक दिसला, तर ब्रिजवरचे सॅडल (धडाकडच्या टोकाला तारा ज्यांवर टेकतात ते छोटे तुकडे) पुढे-मागे करून तो काढता येतो. हे सगळे सेटअपमध्ये, म्हणजे वाद्याच्या जुळवणीत, येते. पहिला सेटअप विनामूल्य द्यावा असे खरेदीपूर्वीच ठरवून घ्यावे, पैसे दिल्यानंतर हा विषय फारसा पुढे सरकत नाही.

पिकअपबाबत, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागांबाबत, थोडक्यात सांगतो. जॅझ प्रकारच्या बासमध्ये दोन सिंगल कॉइल (तारेचे एकच वेटोळे असलेले) पिकअप असतात, आणि त्यांपैकी एकाचाच आवाज खोलल्यास गुणगुण ऐकू येते. दोन्ही पूर्ण खोलले की ती जाते, त्यामुळे हा दोष समजू नये. मात्र नॉब फिरवताना चरचर होणे किंवा केबल हलवल्यावर आवाज तुटणे नव्या वाद्यात मान्य करू नये. बास ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारे सर्किट असलेली, असेल तर आत ९ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल खोचलेली असेपर्यंत ती खर्च होत राहते, म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढण्याची सवय लावावी.

गिटारवरून येणाऱ्याला खरा धक्का बसतो तो आकाराचा. नेहमीच्या बासची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ३४ इंच असते, त्यामुळे नटपासून (खुंट्यांजवळ तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून) पहिल्या फ्रेटपर्यंत सुमारे ४८ मिमी अंतर पडते. साडेपंचवीस इंची इलेक्ट्रिक गिटारवर ते ३६ मिमी असते. हात लहान असतील तर ३० इंची शॉर्ट स्केल बास घेण्यात काहीच कमीपणा नाही. पट्टा लावून दहा-पंधरा मिनिटे उभे राहून वाजवावे. हात सोडल्यावर नेक जमिनीकडे झुकत असेल, तर डावा हात जन्मभर तिला तोलून धरण्यातच गुंतेल. वजन साधारण साडेतीन ते साडेचार किलो असते, आणि तासाभराच्या कार्यक्रमात तो एक किलोचा फरक खांद्याला चांगलाच जाणवतो.

हवामानाचाही विचार करावा. वातानुकूलित दुकानात उत्तम वाटलेली बास कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात नेकचा बाक बदलते, तारा गंजतात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसून फ्रेटची टोके कडेला बोचू लागतात. यात वाद्याचा दोष नाही. वर्षातून दोनदा सेटअप करावा लागेल असे गृहीत धरावे.

सगळे २५ हजार बासवरच खर्च करू नयेत, कारण ई तारेचा मोकळा सूर ४१ हर्ट्झचा असतो आणि गिटारच्या लहान ॲम्प्लिफायरमधून तो नीट ऐकूच येत नाही. आवाज वाढवत गेल्यास त्याचा स्पीकर फाटण्याची भीती असते. सुरुवातीला बाससाठी बनवलेला हेडफोन ॲम्प्लिफायर, ट्यूनर, बरी केबल आणि रुंद पट्टा एवढे सामान घरच्या सरावाला पुरते.