फिटच्या औषधानं थायरॉईड वाढला, आता औषध बंद करू का?

धारूरकडची एक आई पावसाळ्यात सात वर्षांच्या लेकीला घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) बसायच्या आधीच तिनं पिशवीतून रिपोर्ट काढला. थायरॉईडच्या तपासणीतला टीएसएच 6.8, म्हणजे नॉर्मलपेक्षा थोडा जास्त; आकड्याभोवती निळ्या पेनानं गोल.

"ताई, फिटच्या औषधानं थायरॉईड झाला म्हणत्यात. लेकराची वाढ खुंटंल. बंद करू का?"

मी औषधाची बाटली मागितली. व्हॅल्प्रोएटचं सिरप. एव्हाना संपायला हवं होतं. उजेडात धरलं तर निम्म्याच्या वर शिल्लक. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "टोपणात रेघेच्या खालीच ओतते. तीन आठवडे झाले."

तिच्यावर रागावणं मला जमलंच नसतं. तिची भीती खोटी नव्हती. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या काही मुलांत टीएसएच थोडा वाढतो, कार्बामॅझेपिन किंवा फेनिटॉइन या फिटच्या दुसऱ्या औषधांनी टी-4, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, उतरू शकतो. बहुतेकदा औषध थांबल्यावर हे आकडे पूर्ववत होतात. पण टीएसएच हा मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीनं थायरॉईडला धाडलेला निरोप असतो. अंगाला प्रत्यक्ष लागतं ते टी-4. रिपोर्टमध्ये खालच्याच ओळीत टी-4 नॉर्मल होता. त्याला मात्र कुणी गोल केला नव्हता! मी पेन घेऊन तोही केला.

"मग नणंदेची थायरॉईडची गोळी अर्धी देऊ का? ती रोज घेती."

हे ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा आला. थायरॉईड हार्मोन गरजेपेक्षा जास्त झालं तर फिट उलट वाढू शकतात. आणि फिटचं औषध मनानं कमी केलं, एकाएकी तोडलं, तर कधी झटका थांबता थांबत नाही, जिवावर बेतू शकतं. हे मी तिला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा तिचा हात धरून.

तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला, सिरप कमी पडल्याचंही सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी बोलावलं. गळा तपासला, उंची मोजली; दोन्ही ठीक. डोस पूर्ववत, थायरॉईडची गोळी तूर्त नाही, दोन महिन्यांनी टीएसएच आणि टी-4 पुन्हा. टीएसएच 10 च्या वर गेला, टी-4 घसरला किंवा उंची रेंगाळली, तर गोळी द्यायची की फिटचं औषध बदलायचं, ते बघू म्हणाले.

दोन महिन्यांनी टीएसएच 6.1, टी-4 नॉर्मल. या वेळी बाटली रिकामी होती. तिचा प्रश्नही वेगळा होता: "दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जाणार. चार-पाच महिन्यांच्या किती बाटल्या लागतील, ताई?"

आम्ही दोघींनी बोटांवर मोजल्या.