आइस स्केट्समध्ये तळवे दुखतात, जाड जेलचे इनसोल घालू का?

जाड जेलचे नका घेऊ, पातळ पण कडक बेसचे, टाचेला खोलगट कप आणि तळव्याच्या कमानीला (मधल्या उचललेल्या भागाला) आधार असलेले घ्या. मी पुण्यात मुलांना स्केटिंग शिकवतो, त्यात हेच सारखं दिसतं: स्केटचा बूट आधीच घट्ट असतो, त्यात मऊ काही कोंबलं की टाच वर उचलली जाते, घोटा जागेवर बसत नाही, मग ब्लेडवर तोल धरायला आपण बोटं आवळतो आणि तळवा बरेचदा त्यानेच दुखतो. कमान कशीये ते कळायला ओला पाय शहाबादी फरशीवर ठेवा, अख्खं पाऊल उमटलं तर कमान सपाट, मधे बारीक पट्टी उमटली तर उंच, त्याप्रमाणे इनसोल निवडा (हा अंदाजच हं). बुटातला जुना इनसोल आधी काढा, तोच वर ठेवून नवा पुढून कापा, टाचेकडून अजिबात नको. आणि स्केटिंग झालं की बाहेर काढून वाळवायचे, पावसाळ्यात तर नक्कीच. फक्त बूटच लहान किंवा मोठा असेल तर कुठल्याच इनसोलने भागणार नाही, आधी साइज तपासा.