चाळीतून टॉवरमध्ये जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी

प्रिय मित्रा,

मुंबईतल्या वरळी-नायगावच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळींतल्या ज्येष्ठांच्या घरबदलाचं काम तू अंगावर घेतलंस, याचा मनापासून आनंद झाला. १९२०च्या दशकातल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये जायचं म्हणजे मोठीच गोष्ट. पण तू क्षेत्रफळात अडकू नकोस. दोन वाटा बघ: रात्री अंथरुणापासून संडासापर्यंतची आणि दिवसा दारापासून माणसांपर्यंतची.

चाळीत पहिली वाट अवघड. संडास सामायिक, म्हणून कितीतरी म्हातारी माणसं संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. मग बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, चक्कर. नव्या घरात संडास आत आला तरी धोका सरत नाही. कमोडशेजारी आधाराचा दांडा हवाच: बैठकीपासून २०-२५ सेंमी वर, जाडी ३२ ते ४० मिमी, भिंतीपासून बोटं मोकळी राहतील इतका पुढे. व्हॅक्यूमने चिकटणारा दांडा अजिबात घेऊ नकोस. तो सुटतो तो नेमका भार पडल्यावरच. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर साधा प्लास्टिक प्लग धरत नाही, केमिकल अँकर (भोकात रसायनाने घट्ट चिकटवलेला बोल्ट) लाव. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करून घे. आत उघडणारं दार पडलेल्या माणसाच्याच अंगाला अडतं आणि मदतीला आलेले बाहेरच राहतात. पलंगापासून तिथवर रात्रभर मंद दिवा ठेव. सुटी पायपुसणी काढून टाक.

दुसरी वाट चाळीत आपोआप मिळते. दार दिवसभर उघडं, गॅलरीत खुर्ची. दुपारपर्यंत आजी दिसल्या नाहीत की शेजारीण हाक मारते. टॉवरच्या बंद दारामागे हे होत नाही. तेव्हा जाळीचं सेफ्टी डोअर बसव, म्हणजे आतलं दार उघडं ठेवता येईल, आणि एक किल्ली त्याच मजल्यावर ओळखीच्या घरी दे. तळमजल्यावर पाठ आणि हात असलेलं बाक माग. जिन्याच्या वाटेत मात्र नको. लिफ्टचं बटण त्यांना स्वतः दाबू दे, भीती जाईपर्यंत रोज सोबत जा.

कुणाला कोणता फ्लॅट हे सोडतीने ठरतं, त्यात जुने शेजारी पांगतात. म्हणून प्रत्येकाला विचार, रोज कुणाशी बोलता? त्या चार-पाच जणांची नावं, नवी इमारत आणि मजला ठळक अक्षरांत लिहून फोनशेजारी लाव. ही यादी सामान बांधायच्या आधीच कर. एकदा माणसं विखुरली की कोण कुठे गेलं हे विचारायलाही आजी खाली उतरत नाहीत.