वडिलांना पित्तनलिकेचा पसरलेला कर्करोग आहे. नव्या औषधांच्या चाचणीत गेले तर त्यांना नुसती खोटी, औषध नसलेली गोळी मिळेल का?

नाही. पहिल्या उपचारासाठीच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांत दोन्ही गटांना प्रस्थापित केमोथेरपी मिळते. फरक असतो तो वरच्या जोडऔषधाचा. त्यामुळे अशा चाचणीत ‘वडिलांना उपचाराविना ठेवतील’ ही तुमची भीती मनातून काढा.

हे असंच घडत आलं आहे. २०१० साली जेमसिटाबिन या केमोच्या औषधाला सिस्प्लॅटिन हे दुसरं जोडल्यावर मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगतात तो आकडा) ८.१ महिन्यांवरून ११.७ महिन्यांवर गेलं, आणि ती जोडी पायाभूत ठरली. २०२२ मध्ये ‘टोपाझ-१’ चाचणीत तिच्यावर ड्युरव्हालुमॅब ही इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला मदत करणारं औषध, चढवली. मध्यम आकडा साधारण सव्वा महिन्यानेच वाढला, पण दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २५ टक्क्यांपर्यंत गेलं. मला हा दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो. काहींना खरोखर दीर्घ फायदा होतो, तो मध्यम आकड्यात दिसतच नाही.

औषधं वाढवली की गुण येतोच असं मात्र नाही. याच जोडीत नॅब-पॅक्लिटॅक्सेल हे तिसरं केमोचं औषध घालून पाहिलं, तेव्हा आयुष्य ठोसपणे वाढल्याचं सिद्ध झालं नाही आणि रक्तपेशी घटण्याचा त्रास वाढला. म्हणूनच तुलना करणारा गट लागतो.

संमतीपत्रावर सही करण्याआधी गाठीच्या नमुन्याची जनुकीय तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. एफजीएफआर२, आयडीएच१ किंवा हर२ या जनुकांमध्ये बदल सापडला तर त्यावर नेमकी औषधं आहेत. आणि हो, चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं, कारण न देता.